द्राक्षासव

माझ्या नवऱ्याने इटलीहून रेड वाइनची बाटली आणली. लेबलावर द्राक्षांच्या जातींची नावं दाटीवाटीने छापलेली. इतक्या जणींचा मिळून एकच रस. आमच्याकडे माझी आई आणि सासूबाई दोघीही राहतात. दोघींनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, पण "द्राक्षासवच की हे!" म्हणत औषधाच्या टोपणातून थोडी थोडी घेतली.

"जांभूळ लागतंय," आई म्हणाली.

"छे हो विहीणबाई, आमसूल!" सासूबाई ठाम.

मी घोट जिभेवर घोळवत एकेक द्राक्ष वेगळं ओळखू पाहत होते. त्यातलं एखादं एकटं असताना चांगलंच तुरट असेल, पण आता ते काही सापडेना. एकदा मिसळल्यावर ज्याचं त्याला परत देता येत नसावं.

आई साताऱ्याची, आमटीला चिंच-गूळच हवा. सासूबाई कोकणातल्या, आमसुलाशिवाय त्यांना घास उतरत नाही. दोघी एकत्र राहायला आल्या तेव्हा गॅसवर आमटीची दोन पातेली चढायची, आणि मी आधी कोणती वाढून घेते याकडे दोघींचं बारीक लक्ष असायचं.

परवा सासूबाई माझ्या नणंदेकडे राहायला गेल्या. आता काही दिवस निव्वळ आईची आमटी, म्हणून मी खुशीत पानावर बसले. पहिल्याच घासाला थबकले. आमसूल!

"अगं, तुला आवडत नाही ना?"

आई वाटीत बघत म्हणाली, "त्या घरात नाहीत ना, म्हणून घातलं."