न कळलेल्या मेसेजला माझा अंगठा

माझे कान चाळिशीतच गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी कुकरची शिट्टी मोजता येईना, मग समोरच्याच्या बोलण्यातले शब्द गळायला लागले. कानाचं मशीन घेतलं, पण त्यातून माणसांपेक्षा पंख्याची घरघरच जास्त ऐकू येते, म्हणून ते बहुतेक वेळ डबीतच असतं. आणि मला ऐकू येत नाही हे मी बाहेर कुणाला सांगत नाही. हट्टी आहे, काय करणार.

राहुरीजवळच्या एका रोपवाटिकेत मी कामाला जाते. आम्ही सात-आठ जणी ट्रेमध्ये मिरची-टोमॅटोचं बी टाकत बसतो आणि सगळ्यांची तोंडं दिवसभर चालू असतात. सगळ्या हसल्या की मीही हसते, जरा उशिरा. कुणी काही विचारलं की मान डोलावून ‘हो हो’ म्हणते. एकदा या हो-होच्या नादात कुणाच्या तरी बारशाला पन्नास माणसांच्या पुरणपोळ्या लाटायचं कबूल करून बसले. लाटल्यासुद्धा! पुन्हा विचारण्यापेक्षा ते सोपं वाटलं.

कधी धीर करून ‘काय झालं गं?’ असं विचारलंच, तर उत्तर ठरलेलं, “काय न्हाई, जाऊ दे.” नवरा तेच म्हणतो, नणंद तेच म्हणते. फक्त लेक तसं म्हणायची नाही. शाळेत होती तेव्हापासून दवाखान्यात, बँकेत ती माझ्याबरोबर यायची आणि समोरच्याचं बोलणं माझ्याकडे तोंड करून पुन्हा सांगायची.

पुढे ती सुप्याला एका कारखान्यात लागली आणि तिथेच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहिली. फोनवर बोलणं मला जमत नाही, म्हणून आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला लागलो. मी फार सुखावले. लिहिलेलं ऐकावं लागत नाही! पण वर्षभरात तिची वाक्यं आखडत गेली. आधी ‘जीएम’ आलं, ते गुड मॉर्निंग असणार हे कळलं. मग ‘बीआरबी’, ‘आयडीके’, ‘टीटीवायएल’. मैत्रिणींशी तसंच लिहायची, हाताला तेच वळण पडलं. मी विचारायला हवं होतं. पण माझी जुनी खोड मोबाईलमध्येही आली. कळलं नाही की अंगठा पाठवायचा.

एका रविवारी दुपारी तिचा मेसेज आला, “आई, कंपनीत एक विषय निघालाय. तुझ्याशी बोलायचं होतं.” मग बराच वेळ नुसतं ‘टायपिंग’ दिसत राहिलं. शेवटी आलं, “पण आयडीके. एनव्हीएम.” मला वाटलं, बढती-बिढती असेल. मी अंगठा पाठवला आणि वर लिहिलं, “छान.”

त्यानंतर चार दिवस सकाळचं ‘जीएम’ सोडलं तर काही नाही. माझ्या जिवाला घोर लागला. नवऱ्याला मोबाईल दाखवला. तो टेम्पो धूत होता. “आपल्याला काय कळतंय त्यातलं,” तो म्हणाला आणि पुन्हा पाइप हातात घेतला.

शेवटी मी तिलाच विचारलं, “एनव्हीएम म्हणजे काय?”

लगेच उत्तर आलं, “नेव्हर माइंड. म्हणजे काही नाही गं, जाऊ दे.”

माझं डोकंच फिरलं. बाकीच्यांचं ठीक आहे, पण हिनेही? चार शब्द सुनावावेत म्हणून मागचे मेसेज काढले. गेल्या दोन महिन्यांत ती तीन अक्षरं सहा-सात वेळा आली होती आणि प्रत्येक वेळी खाली माझा अंगठा. दर वेळी काहीतरी सांगायला ती माझ्यापर्यंत आली होती आणि मीच तिला परत पाठवलं होतं. मला माझीच लाज वाटली.

मी लिहिलं, “मला कळत नव्हतं. न कळताच हो म्हणत होते. सगळ्यांशीच तसं करते. आता सगळं नीट लिही, शब्द खाऊ नको.”

तिने लिहिलं. कंपनी तिला वर्षभराच्या ट्रेनिंगला चेन्नईला पाठवायला तयार होती. “मला खूप जायचंय. आयडीके म्हणजे आय डोन्ट नो, काय करू ते कळत नव्हतं. पण तुला दवाखान्यात कोण नेणार? बाबा टेम्पोवर. तू कुणाला काही विचारत नाहीस. सोमवारी सांगायचंय, मी नाही म्हणणार आहे. मी ‘जाऊ दे’ लिहिल्यावर तू छान म्हणालीस, मला वाटलं तुलाही मी इथेच हवी आहे.”

तो मेसेज मी तीनदा वाचला आणि रडले. ‘तू जा, माझी काळजी करू नको’ असं लिहिणं सोपं होतं, पण तिचा विश्वास कसा बसावा?

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि एसटीने एकटीच नगरला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डोळे चुरचुरत होते, तरी सहा महिने टाळत होते. नावनोंदणीच्या खिडकीतली मुलगी मान खाली घालून काहीतरी विचारत होती, तिचे ओठही दिसेनात. माझी मान हलायला लागलीच होती, ती मी थांबवली. पिशवीतून आणलेली वही पुढे सरकवली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, “मला ऐकू येत नाही. लिहून सांगा.”

कुणीही हसलं नाही. त्या मुलीने वर पाहिलं, पेन घेतलं आणि टपोऱ्या अक्षरात लिहिलं, ‘काय त्रास होतो? किती दिवसांपासून?’ पुढे डॉक्टरांनीही लिहिलं. पानाच्या दोन्ही बाजू भरल्या.

बाहेर बाकावर बसून मी त्या पानाचे फोटो लेकीला पाठवले. खाली लिहिलं, “एकटी आले.”

“तू त्यांना सांगितलंस?”

“मोठ्याने सांगितलं.”

मग आलं, “आई, मग सोमवारी कंपनीत सांगते, मी जाते म्हणून.”

“सांग,” मी लिहिलं. “आणि निघायच्या आधी दोन दिवस घरी राहून जा.”