ती फायनल होती

आखातात मलाझ वस्तीतून ऑफिसला नेणाऱ्या कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर चिपळूणकडचा. नाव मी कधी विचारलं नाही. गाडी सुरू झाली की त्याचं फुटबॉल सुरू. एका खेळाडूनं सीझनभर पेनल्ट्या मारल्या आणि फायनलची गोलवरून उडवली. दुसऱ्यानं फायनलला एकच मारली, ती गोल झाली. "साहेब, खरा प्लेअर हा. तो खलास," म्हणत तो स्टिअरिंगवरचा हात सुरीसारखा फिरवायचा. मी रोज चिडायचो. "अहो, पण सीझनभर टीमला तारलं कोणी?"

माझ्या प्रमोशनच्या इंटरव्ह्यूच्या दिवशी याच वादात त्याचं हायवेवरचं वळण चुकलं. मी पोचलो तेव्हा इंटरव्ह्यू घेणारे उठून गेले होते. संध्याकाळी त्याला झापायला मी तोंड उघडलं, तर आरशात बघत तोच म्हणाला, "साहेब, एक दिवस चुकलं. वर्षभर वेळेवर पोचवलं कोणी?"

माझंच बोलणं.

"मग त्या खेळाडूलाही हाच न्याय लावा की," मी म्हटलं.

त्याचा हात लगेच सुरीसारखा फिरला.

"छे, साहेब. ती फायनल होती."