इंदूमावशीचे खडे

इंदूमावशीने मला फसवलं. पाच महिने, दर आठवड्याला, डोळ्यांत डोळे घालून फसवलं.

चिंचपोकळीला स्टेशनच्या वाटेवर तिचं काष्ठौषधींचं दुकान होतं. दुपारी ती मुलतानी माती कुटून वस्त्रगाळ करत बसे. जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून पिवळसर धूळ झरे, उन्हाच्या तिरिपेत तरंगे आणि मावशीच्या पापण्यांवर उतरे. त्या धुळीपलीकडून तिचा आवाज जरा उशिराच पोचतोय असं वाटे. दारात उभं राहिलं की कशाला आलो तेच विसरायला होई.

"पूड मागता ती तोंडाक लावक, खडो मागता ती खावक," ती म्हणे. मी खडा मागितला, तेव्हा मान वर न करता तिने विचारलं, "कितवो महिनो गो?" घरी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

फुटपाथवर ब्लाउजपीस विकून मी नुकताच दादरला गाळा घेतला होता. घासाघीस अंगात मुरलेली. "मातीला एवढा भाव?" म्हणून मी दर वेळी भांडे. ती माझ्या हाताची नखं निरखून बघे आणि म्हणे, "बरां, ने. तुज्यासमोर कोण जिंकतला?" तो खडा जिभेवर विरघळे, टाळ्याला चिकटे. डोळे मिटले की कोरड्या अंगणावर कुणी पाणी शिंपडल्यासारखं वाटे.

केतकी झाली. डब्यात उरलेले दोन खडे चेहऱ्याला लावावेत म्हणून मी त्यांवर कढत पाणी ओतलं, तर माती शिजली! वाटीत खिरीसारखी दाटली. वरून मुलतानी चोळलेलं, आत नाचणीचं सत्त्व.

वाटी घेऊन मी तशीच तिच्या दारात गेले. "ही माती?"

"माती तू म्हणालंस. मी 'ने' म्हटलंय." धुळीतून ती हसली. "नखांत थेंबभर रगत नव्हतां तुज्या. सत्त्व खा म्हटल्यार खाल्लां असतंस? भाव करून माज्या पाच महिन्यांची मेहनत मातीमोलान नेलंस, आणि भांडतंस वर?"

मी ती वाटी तिथेच उभ्याने चाटूनपुसून संपवली.

गेल्या वर्षी मावशी गेली. दुकानाचं शटर तेव्हापासून खालीच आहे.

केतकीला आता पाचवा महिना. करी रोडच्या टॉवरमध्ये राहते, सव्विसाव्या मजल्यावर. परवा तिच्या ओठाच्या कोपऱ्यात आणि दातांवर पिवळं दिसलं.

"फेसपॅक आहे गं, आई."

"फेसपॅक दाताला लावतात?"

घरपोच आलेलं पाकीट मी कपाटातून काढलं. शंभर टक्के शुद्ध, असं छापलंय. जिभेवर ठेवून बघितलं. खरंच शुद्ध आहे. तिने माती मागितली, त्यांनी मातीच पाठवली. तिची नखं कुणी बघितली नाहीत.

मी सत्त्व करून नेलं, तर वाटी सरकवून म्हणाली, "तुझं मला सगळं कळतं, आई."

आता माझ्या मुलीला फसवणार कोण? मला उत्तर पाहिजे.