जास्तीचा आवाज

"आवाज मोजूं नाकात." गाऱ्हाणं घालून झालं की नारळ उचलता उचलता, मागे न बघता, तो एवढंच म्हणायचा: आवाज मोजू नका.

गोव्यातल्या आमच्या चोपडे गावात तिन्हीसांजेला वडाखाली, राखणदार देवचारासमोर, एकाने अडचण मोठ्याने सांगायची आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. सांगणारा हा फेरीवाला. दिवसा फेरीबोटीचा दोर बांधायचा आणि प्रवाशांवर खेकसायचा. तुम्ही तिथे उभे असता तर तुमच्याही ध्यानात आलं असतं: जमलेल्या माणसांपेक्षा एक आवाज जास्त यायचा. नदीकडून, किंचित उशिरा. प्रतिध्वनी म्हणावा, तर गळा वेगळा.

गोवा राज्य झालं त्या सुमारास माझा धाकटा भाऊ बोलेनासा झाला. जेवण पुढ्यात तसंच राहायचं. आम्ही ‘त्याला बरं नाही’ एवढंच कुजबुजायचो. त्याच्या खोलीचं दार लोटलेलं दिसलं तरी मला धडकी भरायची.

एका संध्याकाळी हा फेरीवाला सरळ आत आला आणि भावाशेजारी बसला.

"जीव दिवचोसो दिसता तुका?" जीव द्यावासा वाटतो का, असं त्याने सरळच विचारलं.

आई घाबरली; असलं बोललं की ते ओढवतं, असं ती मानायची. "तिनसांजेचें असलें उलोवं नाकात."

"हांव उलयलों म्हणून तें येना, वयनी. तें केन्नाचें येवन बसलां."

भावाने मान हलवली आणि कित्येक दिवसांनी रडला. मलाही आवरेना. पण खरं सांगतो, बरंही वाटलं.

"वडाकडेन सांगूं? तुजी मर्जी."

"सांगात," भाऊ म्हणाला.

वडाखाली फेरीवाल्याने तो शब्द गाळला नाही. "रे म्हाराजा, तुज्या ह्या लेकराक जीव दिवचोसो दिसता. आमी ताका एकटो सोडचे नात."

"व्हय म्हाराजा," शेजारी म्हणाले. तोंडाने म्हटल्यावर अंग कसं काढणार? पाववाल्याने भावाला रोज सकाळी भट्टीवर बोलावलं. हा स्वतः त्याला म्हापशाच्या डॉक्टरकडे न्यायचा आणि बाहेर बाकावर पेंगत बसायचा. भाऊ हळूहळू जेवू लागला.

पुढे पूल झाला, फेरी बंद पडली, फेरीवालाही म्हातारा होऊन वारला. गाऱ्हाणं आता भाऊ घालतो. परवा एका शेजारणीसाठी, तिला विचारून, त्याने तोच शब्द, ‘जीव दिवचोसो’, तसाच उच्चारला. आम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. मग नदीकडून, किंचित उशिरा, आणखी एक आवाज आला. दोर बांधताना खेकसणारा तो गळा मी ओळखला. मी जमलेल्यांवरून नजर फिरवू लागलो.

"मोजूं नाका, दादा," भाऊ नारळ उचलत म्हणाला. त्याने मागे पाहिलं नव्हतं.