पाठीवरची उंडी

मनुष्याचं शरीर ही त्याच्या निश्चयाची साक्ष असते – हे वाक्य मी भरसभेत उच्चारलं आहे. टाळ्याही पडल्या. माझ्या बाबतीत ते धादांत खोटं होतं, हे मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हांला सांगतो.

सन साठच्या आसपासची गोष्ट. मी मालवणजवळ शाळामास्तर, वय सेहेचाळीस. नऊ तास झोपायचो – आणि वर्गात शुद्धलेखन सांगता सांगता पेंगायचो. शाळेची चढण चढताना दोनदा टेकायचो. किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासळीचं लांबलचक जाळं, ओढायला लागले की जो तो दोरीला हात लावतो. मी दहा पावलांत धापा टाकायचो. "गुरुजी, वाळूत बसा," रापणीचा म्होरक्या, तांडेल, हसायचा. "मासो इलो की हाक मारतंय!"

वय झालं, म्हणायचो. सेहेचाळीस म्हणजे वय का?

कारण बायकोने शोधलं. "बैलासारखे घोरतास, नि मगे एकदम गप. श्वासच नाय! मी वीस मोजलंय." किती वर्षं ती अशी मोजत जागली होती – मी विचारलंही नाही. उलट चिडलो. झोपलेल्या माणसाविरुद्धचा पुरावा, तो खरा कसा मानायचा?

तिने वाद घातला नाही. माझ्या बंडीच्या पाठीवर पिशवी शिवली, तीत उंडीची तीन वाळकी फळं घातली, गोट्यांसारखी कडक. उताणा झालो की टोचायची. मी कुशीवर वळायचो, आणि श्वास चालू राहायचा.

महिन्याभरात – काय सांगू! चढण एका दमात. वर्गात टक्क जागा. आणि एका सकाळी रापणीची दोरी मी शेवटपर्यंत ओढली, जाळं वाळूवर येईपर्यंत! तांडेलाने सगळ्यांत मोठा बांगडा माझ्या हातात ठेवला. "गुरुजी, खातास तरी काय तुमी?"

मी म्हणालो – रोज पहाटे बारा सूर्यनमस्कार.

एकही घातला नव्हता. पण गावाने माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, हार. मी पाऊण तास बोललो – संयम, निश्चय, ब्राह्ममुहूर्त. बायकोचं नाव? घेता आलं असतं. नाही घेतलं. बळ परत आलं हे खरं, आणि त्या दोरीचा अभिमान मला आजही आहे. ते आणलं तिने, श्रेय खाल्लं मी.

ती समोरच बसली होती. मी संयमावर येईपर्यंत तिला गाढ झोप लागली होती.