रिकाम्या घरांचा धूर

माझं सासर दिसायला फार देखणं होतं, आणि माझा बाप तिथेच फसला. पूर्णेच्या वळणावर गाव, काठाला आंब्यांची राई, पाठीमागे टेकडी आणि टेकडीपलीकडे वऱ्हाड. बाप वऱ्हाडातला. सोयरीक बघायला आला, राईत बसून आमरस ओरपला आणि पोरगी देऊन मोकळा झाला. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं म्हणतात. पण फसतो बाप आणि नांदायला जाते लेक. मावशी भर मांडवात म्हणाली होती, "मोगलाईत देण्यापरीस पोरगी हिरीत ढकलायची." तेव्हा मला तिचा राग आला होता.

मोगलाई म्हणजे निजामाचं राज्य. पलीकडच्या वऱ्हाडाला आम्ही 'इंग्रजी' म्हणायचो, इंग्रज गेला तरीसुद्धा. माझ्यानंतर त्या गावात एकही सून आली नाही. पाणी गोड, जमीन काळीभोर, पण मुलगी द्यायला कोणी तयार होईना. पुढे घोड्यांवरून निजामाच्या बाजूचे बंदूकवाले गावं लुटत हिंडायला लागले. त्यांचं नाव कोणी घेत नसे, 'ते' म्हटलं की पुरे. 'ते' आधी अंबडाकडे दिसले म्हणत, मग जालन्याच्या अलीकडे, मग जाफराबादच्या वाटेवर. दर खेपेला एखादी बैलगाडी भरून टेकडीपल्याड जायची. मागे राहिलेली कुत्री बंद दारापुढे बसून असायची. त्यांच्याकडे बघवत नसे.

जाणाऱ्यांत आमच्या शेजारची आक्काही होती. तिच्या घरचे मूळचे मेंढपाळ, आता शेतकरी. गाडीत बसताना ती माझ्या गळ्यात पडून रडली.

मला सहावा महिना लागला होता. माझं बाळ त्या गावात जन्मू नये, एवढंच माझं मागणं होतं. पण आत्याबाई, म्हणजे माझी सासू, अडून बसली.

"आत्याबाई, चला की वो. समदे गेले."

"शेजारचं गाव रिकामं झालं तवाच लुटलं. भरल्या गावात ते येत न्हाईत."

"आपल्या गावात मानसं हायती कुठं?"

"धूर हाय की," ती म्हणाली.

त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ आत्याबाई टोपलीत गोवऱ्या आणि ओला पाला घेऊन सोडलेल्या घरांत जायची आणि एकेक चूल पेटवायची; ओल्या पाल्याने ती दिवसभर धुमसायची. टोपली माझ्या डोक्यावर. एका घरात जात्याच्या पाळीवर पीठ तसंच पडलं होतं, एका घरात पाळण्याची दोरी लोंबत होती. परक्या चुलीपुढे फुंकणी धरून बसलं की पाठीमागे कोणीतरी उभं आहे असं वाटायचं. मी वळून बघायची नाही. मला फार भीती वाटायची.

नदीपलीकडून मात्र गाव गजबजलेलं दिसे. नवरा एकदा शेतातून येऊन खुशीत म्हणाला, "कसं भरल्यावानी दिसून राह्यलंय!"

"मंग त्या धुरालाच औत धरायला लावा," मी म्हणाले. तो आईच्या शब्दाबाहेर नव्हता.

आणि एके दिवशी आक्काची गाडी टेकडी उतरून परत आली. आक्का उतरली ती हसतच.

"टेकडीवरून रोज बघून राह्यलो. माझ्या घरातून धूर! म्या मालकाला म्हनलं, कोनीतरी ऱ्हायला आलंय, गाव बसलं. आता आपुन कशाला लोकाच्या दारात ऱ्हावं?"

आत्याबाई कडबा आणायला वळली. मग मीच सांगितलं, "आक्का, तो धूर आमचा हाय. तुमच्या घरात कोनी न्हाई."

आक्काचं हसू मावळलं. तिच्या मालकाने रिकाम्या आळीकडे पाहिलं आणि पुन्हा जू उचललं. तेवढ्यात आत्याबाईने त्याच्या बैलांच्या तोंडाशी कडबा टाकला. "आता आलात तर ऱ्हावा. चार मानसं वाढली की गाव टिकतं." तो भला माणूस. म्हणाला, "बैल थकलेत. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गाडी भरत होता. आक्का निरोप घ्यायला आमच्याकडे आली होती, माझा नवरा बैल घेऊन नदीवर गेला होता. घोड्यांच्या टापा ऐकू आल्या तशी आम्ही तिघी कडब्याच्या गंजीत शिरलो. दिसत काहीच नव्हतं, ऐकू सगळं येत होतं.

"इत्ते घरां में चुल्हे जलरे. बाकी के लोगां कां छुपे?"

"कोनीच न्हाई, सरकार. मी एकटाच हाय."

"झूट!"

तो बिचारा पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला. आम्हा चौघांना वगळलं तर खरं तेच सांगत होता, पण दारोदारी धूर निघत असताना ते खरं कोणाला वाटणार? मग बार झाला. आक्का ओरडू नये म्हणून आत्याबाईने तिचं तोंड दाबून धरलं होतं.

'ते' गेल्यावर आम्ही बाहेर आलो. नवरा नदीवरून धावत आला. दिवस मावळायच्या आत नदीकाठी सरण रचलं. आत्याबाईने कळशी घेतली, प्रत्येक घरात जाऊन चुलीत पाणी ओतलं आणि मला म्हणाली, "चल." टेकडीपलीकडे आल्यावर ती पुन्हा कधी चुलीपुढे बसली नाही.

माझं बाळ वऱ्हाडात जन्मलं. भादव्यात मोगलाई बुडाली. दिवाळीनंतर नवरा म्हणाला, "आता भ्याव कशाचं? मी फुडं जातो, चुली पेटवतो. धूर दिसला की समद्यांनी या."

सकाळी गाव सोडून आलेले आम्ही सगळे टेकडीवर उभे राहिलो, आक्काही. खाली तीच राई, तीच नदी, ऊन पडलेलं. गाव फार सुंदर दिसत होतं. आमच्या घरातून धूर निघाला. थोड्या वेळाने शेजारच्या घरातूनही निघाला. माझ्या नवऱ्याने, चांगल्या मनाने, आक्काचीही चूल पेटवली होती.

सगळे आक्काकडे बघायला लागले. ती आपल्या घराच्या धुराकडे बघत होती.

"धूर बघून एकदा आल्ते मी," ती म्हणाली आणि माघारी वळली. तिच्या मागे सगळे वळले. लेकरू खांद्यावर टाकून मीही वळले.