मागच्या खोलीतला एसी

मुरलीराव चौतीस वर्षं रेल्वेत होते. चेन्नईच्या एग्मोर स्टेशनहून सुटणाऱ्या गाड्यांचे एसी डबे तपासून द्यायचे, हे त्यांचं काम. डबा नीट थंड होत नसेल तर ते कागदावर सही करत नसत. साहेब ओरडला तरी नाही. मैलापूरच्या त्यांच्या गल्लीत तमिळ शेजारीसुद्धा नवा एसी घ्यायचा झाला की आधी 'राव सार'ना विचारायचे. घराणं तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या तिकडचं. घरात बायको भवानीशी ते जुनी मराठी बोलत, बाहेर तमिळ.

निवृत्तीनंतर राजगोपाल नावाच्या माणसानं त्यांना बोलावलं. सिनेमाच्या शूटिंगला कलाकारांना बसायला, कपडे बदलायला ज्या मोठ्या कॅरव्हॅन लागतात, त्या तो भाड्यानं देत असे. त्याच्या एका गाडीत दोन खोल्या होत्या. पुढची मुख्य नटासाठी, तिथं एसी होता. मागची, लहानशी, मेकअपच्या बायका, शिवणकाम करणाऱ्या आणि किरकोळ भूमिकावाल्यांसाठी. तिथं एक पंखा आणि दोन खिडक्या. आता एका मोठ्या शूटिंगवाल्यांनी दोन्ही खोल्यांत एसी असलेली गाडी मागितली होती.

मुरलीरावांनी गाडीखालचा जनरेटर पाहिला, आरशाभोवतीचे दिवे मोजले, फ्रीज बघितला आणि मान हलवली.

"एवढ्या जनरेटरवर दोन एसी चालणार नाहीत. एक चालत असताना दुसऱ्याचा कॉम्प्रेसर उठला की सगळंच बंद पडेल."

"मग मोठा जनरेटर?"

"खाली जागा नाही. आणि आवाज वाढला तर शूटिंगवालेच ओरडतील. दुसरा उपाय आहे. मागं लहान इन्व्हर्टर एसी, पुढच्याला हळूहळू उचलणारा स्टार्टर, छताला आतून फोम, आरशाचे दिवे बदलायचे. दोन आठवडे द्या."

"सोमवारी गाडी जायची आहे, सार."

मग राजगोपालनं गोदामातून दीड टनाचा एक जुना एसी काढून आणला. म्हणाला, "हा बसवा. पुढचा चालू असेल तेव्हा याचा कॉम्प्रेसर बंद राहील अशी जोडणी करा. नुसती हवा येऊ दे. पाळीपाळीनं चालतील की."

पाळीपाळीनं, हा शब्द मुरलीरावांनी धरून ठेवला. जोडणी म्हणून त्यात काही चूक नव्हती. पुढची खोली गार झाली, तिथला कॉम्प्रेसर थांबला, की मागच्याला वीज मिळणार. पण मे महिन्यात, कत्तिरीच्या, म्हणजे तिकडच्या सर्वांत कडक दिवसांच्या उन्हात, पुढच्या खोलीतल्या नटानं एसी अठरावर ठेवला आणि दार दर पाच मिनिटांनी उघडलं, तर तो कॉम्प्रेसर कधीच थांबणार नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी त्यांनी ती जोडणी केली. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी मोठं काम विश्वासानं दिलं होतं. नाही म्हटलं तर राजगोपाल दुसऱ्याला बोलावेल, ही भीती मनात होती.

सोमवारी समुद्राकाठच्या ईस्ट कोस्ट रोडवरच्या एका बंगल्याबाहेर गाडी उभी राहिली. पहिल्या दिवशी काही बिघडलं तर, म्हणून मुरलीरावही गेले. मागच्या खोलीत चार बायका होत्या. त्यांतली सर्वांत मोठी अंबुजा, साठीच्या आसपासची, कलाकारांचे कपडे ऐनवेळी उसवून-शिवून बसते करणारी. मुरलीराव फोनवर भवानीशी बोलत होते, ते ऐकून तिनं शिवणाच्या मशीनवरून मान वर केली.

"अय्यो, तुमी आमचेच की!" ती म्हणाली. "कोण गावचे? तंजावरच ना?"

ती सैदापेटला राहायची. नवरा गेल्यावर घरात मराठी बोलायला कुणी उरलं नव्हतं. मुलं तमिळच बोलत. पाच मिनिटांत तिनं मुरलीरावांच्या आजोळाचा पत्ता काढला आणि बाकीच्या बायकांना अभिमानानं सांगितलं, "आमच्या माणसानं बसवलाय एसी. बघा आता."

एसीवर बावीसचा आकडा हिरवा चमकत होता. हवा येत होती, पण ती पंख्याचीच. एका मुलीनं विचारलं, "सार, थंड का होत नाही?"

मुरलीराव म्हणाले, "खोली तापलेली आहे. वेळ लागेल. खिडक्या मात्र बंद ठेवा, नाहीतर गार होणारच नाही."

एवढं बोलून ते खाली उतरले.

तीन दिवस असेच गेले. रोज सकाळी ते जात, जनरेटर पाहत, पुढच्या खोलीत डोकावत. मागच्या खोलीच्या दारापाशी मात्र ते थांबत नसत. तिथल्या बायका जेवायला बाहेर आल्या की त्यांच्या पाठीवर ब्लाउज चिकटलेले दिसत. एकदा अंबुजानंच हाक मारली, "राव, थोडं उकडतंय हो. पण बावीस दाखवतंय, म्हणजे आमालाच सवय नाही एसीची."

"होय, सवय लागेल," ते म्हणाले.

तो आकडा खोलीचा नव्हता. रिमोटवर जो हुकूम दिला होता तो आकडा होता. हे सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

चौथ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास आतून किंचाळणं ऐकू आलं. अंबुजा मशीनवर पुढं कोसळली होती. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध. मुरलीरावांनीच तिला दुसऱ्या एका माणसाबरोबर उचलून बाहेर सावलीत आणलं, अंगावर पाणी ओतलं. तिला उचलताना त्यांना त्या खोलीतली हवा लागली. भट्टीचं दार उघडावं तशी. बाहेर, झाडाखाली, त्याहून कितीतरी बरं होतं. आधी दोन खिडक्या उघड्या असायच्या, समुद्राची झुळूक यायची. त्या त्यांनीच बंद करायला लावल्या होत्या.

दवाखान्यात ती दोन दिवस राहिली. वाचली. शूटिंगवर सगळे म्हणाले, वय झालं, गुरुवारचा उपास होता, पाणी कमी प्यायली. राजगोपाल म्हणाला, "एसीत बसून चक्कर येते का कुणाला? आपला काही दोष नाही." मुरलीराव जनरेटरकडे वळले.

ते तिला बघायला गेले तेव्हा तिनंच त्यांचा हात धरला.

"राव, मीच ते रिमोट कुठंतरी चुकीचं दाबलं असणार. मला यंत्रातलं काय कळतं? तुमच्या कामाला बोल लागला असेल. मनावर घेऊ नका."

आणलेली केळी खाटेवर ठेवून ते निघाले आणि सैदापेटच्या त्या दवाखान्यापासून मैलापूरपर्यंत पायी चालत आले. घरी पानावर बसून न जेवताच उठले.

"काय झालं, पुसायचं नाही का मी?" भवानी म्हणाली.

त्यांनी अस्कं, सगळंच, सांगितलं. ती म्हणाली, "रेल्वेत तुमी सही केली असती काय या डब्यावर?"

"नाही."

"मग तिला जाऊन सांगा. मला सांगून काय?"

अंबुजा घरी आल्यावर ते गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. खुर्चीवर न बसता ते उभ्यानंच बोलले. एसी तसा बसवला होता, मागं कॉम्प्रेसर चालतच नव्हता, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

शेवटी तिनं विचारलं, "खिडक्या बंद करा म्हणालात, तेव्हाही माहीत होतं?"

"होय."

"मी त्या पोरींना रोज दटावत होते. उघडू नका, आपल्या माणसानं सांगितलंय म्हणून. त्यांतली एक पोटुशी आहे."

हे मुरलीरावांना माहीत नव्हतं. त्यांनी हात जोडले. अंबुजानं तोंड फिरवलं आणि तमिळमध्ये, परक्याशी बोलावं तसं, म्हणाली, "सरी सार. पोयिट्टु वांगा." म्हणजे ठीक आहे, या आता.

तिथून ते थेट राजगोपालकडे गेले. "गाडी आजच उभी करा. नाहीतर शूटिंगवाल्यांना मीच सांगतो काय केलंय ते." राजगोपाल भडकला. म्हणाला, केलं ते तुमच्या हातानं. "होय, माझ्याच हातानं," मुरलीराव म्हणाले, आणि त्याच दुपारी गाडीवर चढून मागचा एसी स्वतः उतरवला. खिडक्या उघडल्या. गरोदर मुलीला आणि बाकीच्या दोघींना समोर उभं करून काय झालं ते सांगितलं. एक जण तोंडावर म्हणाली, "तुमच्या घरच्यांना बसवाल का अशा खोलीत?" त्यांनी ऐकून घेतलं.

राजगोपालला शेवटी गाडी शूटिंगवरून परत आणावी लागली, आणि पुढं काम दोन आठवड्यांऐवजी तीन आठवडे चाललं. लहान इन्व्हर्टर एसी, पुढच्याला स्टार्टर, छताला फोम, नवे दिवे. मेकअपच्या बायकांचं केस वाळवायचं यंत्र जनरेटरवर लावायचंच नाही, बंगल्याच्या लाइनवर लावायचं. आणि मागच्या खोलीत एक साधा तापमापक, भिंतीवर, एसीशी कसलाही संबंध नसलेला. भर उन्हात तो सव्वीस दाखवू लागला तेव्हा मुरलीराव तासभर आत बसून राहिले, खात्री होईपर्यंत.

आता त्या गाडीचं नाव झालंय. लहान जनरेटरवर दोन एसी व्यवस्थित चालवणारा माणूस म्हणून इतर कॅरव्हॅनवाले मुरलीरावांना शोधत येतात. राजगोपाल सगळ्यांना फुशारकीनं सांगतो. कुणी कौतुक केलं की मुरलीरावांचे कान लाल होतात. नवीन गिऱ्हाईक आलं की कामाचं बोलण्याआधी ते त्याला पहिल्या वेळी काय केलं होतं ते सांगतात, अंबुजाच्या नावासकट. काही जण ऐकून निघून जातात.

अंबुजा दुसऱ्या शूटिंगवर जाते. तिथं ती गाडीत बसत नाही, मशीन बाहेर झाडाखाली लावून घेते. मुरलीरावांनी दोनदा निरोप पाठवला. उत्तर आलं नाही, आणि ते यावं अशी अपेक्षाही त्यांनी आता सोडली आहे.